गाडीची बॅटरी गाडीला, कामाची बॅटरी कामाला

(चिमूर येथील तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, रानडुकरावर झाले, पीकविम्यावर झाले. माझ्या वाट्याला आलेला विषय ऐकायला मेकॅनिकचा वाटेल. पिकअप गाडीत दुसरी बॅटरी कशी बसवायची, हा तो विषय. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाने बॅटरीवर का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या भागात आता पाच-दहा घरांमागे एक पिकअप आली आहे. कापूस वरोऱ्याला न्या, हिंगणघाटला न्या, खताच्या बॅगा आणा, सगळी कामे तीच करते. पूर्वी बंडी करायची ते आता ती करते. आणि वावरात जिथे विजेचा खांब नाही, तिथे वीज म्हणावी अशी एकच वस्तू पोचते, ती म्हणजे या गाडीची बॅटरी.

म्हणून आपण काय करतो? बॉनेट उघडतो, दोन चिमटे लावतो आणि त्यावर दिवा लावतो, मोबाईल लावतो, फवारणीच्या पंपाचा चार्जर लावतो. काम होते. रात्री आठला घरी निघायचे म्हणून चावी फिरवली, की नुसता टक् टक् आवाज. गाडी बंद.

दुसऱ्या कुठल्या तालुक्यात हा गमतीचा किस्सा होईल. आपला तालुका ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांकडचे कास्तकार इथे बसले आहेत. पंधरा क्विंटल कापूस भरलेली गाडी अंधारात चौघांनी खाली उतरून ढकलायची म्हणजे काय, हे त्यांना सांगायला नको. आणि नव्या डिझेल गाड्यांत इंजेक्शनसुद्धा विजेवर चालते. बॅटरी पार बसली असेल तर ढकलूनही इंजिन धरत नाही. तेव्हा हा विषय गाडीच्या शौकाचा नाही. माणूस घरी पोचण्याचा आहे.

शंकरपटाचा बैल आणि नांगराचा बैल

बॅटरी ती बॅटरी, असे आपण समजतो. तसे नाही. शंकरपटात धावणारा बैल आणि दिवसभर नांगर ओढणारा बैल, दोघे बैलच. पण पटाच्या बैलाला नांगराला जुंपले तर तो महिन्यात खंगतो.

गाडीसोबत येणारी बॅटरी हा पटाचा बैल आहे. इंजिन फिरवायला तिने दोनशे-अडीचशे अँपिअर करंट द्यायचा, पण फक्त दोन-तीन सेकंद. हिशेब करा. अडीचशे अँपिअर तीन सेकंद दिले तर खर्च झाला एक एएचच्या पाचव्या हिश्शाइतका. एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास, बॅटरीच्या कोठीतले माप. आता वीस वॅटचा एक दिवा चार तास लावा. वीस भागिले बारा व्होल्ट, म्हणजे एक पूर्णांक सात अँपिअर, गुणिले चार तास, झाले जवळपास सात एएच. म्हणजे एका दिव्याने एका संध्याकाळी तीस वेळा गाडी सुरू करण्याइतकी वीज खाल्ली.

शिवाय या बॅटरीच्या आतल्या पट्ट्या पातळ असतात. एकदम मोठा करंट देता यावा म्हणून त्या तशा केलेल्या असतात. ती पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी केली, तर पट्ट्यांवरचा माल झडतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. मग दुकानदार म्हणतो बॅटरी खराब निघाली. बॅटरी खराब नव्हती, तिला लावलेले काम तिचे नव्हते.

नांगराचा बैल म्हणजे ट्यूब्युलर बॅटरी. तिचा माल जाड नळ्यांत भरलेला असतो आणि हळूहळू वीज देऊन पुन्हा भरून घेणे तिला सोसते. ई-रिक्षाला जी लागते ती याच जातीची, आणि गाडीत बसवायला तीच बरी. घरच्या इन्व्हर्टरची उंच बॅटरी उचलून गाडीत ठेवू नका. ती एका जागी उभी राहण्यासाठी बनवलेली असते. आपल्या पांदण रस्त्यावर तिचे ॲसिड सांडेल.

काही जण म्हणतील, मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या असतातच की. असतात, पण त्या एकापुढे एक जोडून बाराचे चोवीस व्होल्ट करण्यासाठी असतात. दोघी मिळून एकच काम करतात. आपल्याला दोन वेगळी कामे करणाऱ्या दोन बॅटऱ्या हव्यात.

आधी हिशेब, मग दुकान

दुकानात शिरण्याआधी कागदावर लिहा, या बॅटरीवर आपण काय काय चालवणार. शंभर एएचची बॅटरी घेतली तर त्यातले पन्नासच आपले समजा. अर्ध्याखाली गेलात की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. बियाण्याची कोठी जशी तळापर्यंत खरवडत नाही, तसे.

वेचणीच्या दिवसांचा हिशेब असा. वीस वॅटचे दोन दिवे चार तास, १३ एएच. इलेक्ट्रॉनिक काटा पाच वॅटचा धरला आणि सहा तास चालला, तर अडीच एएच. आठ-दहा मोबाईल, १५ एएच. बेरीज तीस-एकतीस. पन्नासात बसते.

फवारणीच्या दिवसांचा हिशेब वेगळा. पाठीवरच्या पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ एएचची छोटी बॅटरी असते. ती मोठ्या बॅटरीला नुसती जोडून पुरती भरत नाही, कारण भरायला चौदाच्या वर व्होल्ट लागतात. त्यासाठी तीनशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर घ्या आणि पंपासोबत आलेलाच चार्जर त्याला लावा. वाटेतली गळती धरून एका रिकाम्या पंपाला सुमारे १३ एएच लागतात. तीन पंप म्हणजे ३९. हेही पन्नासात बसते.

दोन्ही यादी एकाच दिवशी चालवायच्या म्हटल्या तर सत्तर होतात, म्हणजे बसत नाहीत. पण आपल्याकडे फवारणी श्रावण-भाद्रपदात आणि वेचणी दिवाळीच्या मागेपुढे. हंगामच आपली बाजू घेतो. म्हणून एक शंभर एएचची बॅटरी पुरते, दोन घ्यायची गरज नाही.

आता ज्याला वाटते की यावर विहिरीची मोटर चालेल, त्याच्यासाठी. एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना हजार वॅटच्या आसपास घेते. बारा व्होल्टवर ते नव्वद-शंभर अँपिअर होतात, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. आपले पन्नास एएच अर्ध्या तासात संपले. नाद सोडा. मोटरीसाठी दिवसाची वीज मागायची, ती लढाई वेगळी आहे आणि चालू राहील. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. त्या जिल्ह्यातला कास्तकार वावरात दिवा लावायला गाडीची बॅटरी शोधतो, ही गोष्ट आपण विसरायची नाही. पण न्याय मिळेपर्यंत अंधारात बसायचे कारण नाही.

मधले फाटक

दोन बॅटऱ्या नुसत्या वायरीने एकमेकींना जोडल्या तर काय होते? धुरा न घातलेल्या दोन बांध्यांचे होते तेच. एकीतले पाणी उतरले की दुसरीतलेही उतरते. दिव्याने दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या केल्या, तर दुसरी घेऊन मिळवले काय?

म्हणून मध्ये फाटक लागते. त्याला व्होल्टेज पाहून चालणारा रिले म्हणतात. इंजिन चालू झाले की अल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक अजून डायनामोच म्हणतात, चौदा व्होल्टच्या आसपास वीज देतो. व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की रिले फाटक उघडतो आणि दुसरी बॅटरी भरू लागते. इंजिन बंद केले, व्होल्टेज १२.८ च्या खाली आले, की फाटक आपोआप बंद. यानंतर तुम्ही रात्रभर दिवा लावा, गाडीची बॅटरी जशीच्या तशी राहते. यात माणसाने काही लक्षात ठेवायचे नाही, हाच मोठा फायदा. हाताने फिरवायचा स्विच स्वस्त मिळतो, पण वेचणीच्या गडबडीत तो बंद करायला कोण लक्षात ठेवणार?

कोणी डायोड सुचवेल. साध्या डायोडमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट जातो आणि दुसरी बॅटरी नेहमी अर्धपोटी राहते. तो नको. तुमची गाडी २०२० नंतरची, बीएस-६ असेल, तर आधी मीटर लावून पाहा. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो, तिथे असा रिले गोंधळतो. अशा गाडीला, आणि कोणी लिथियम बॅटरी घेणार असेल तर तिलाही, डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. तो महाग आहे, पण तिथे तोच योग्य.

वायर, फ्यूज आणि कापूस

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो वायरीत काटकसर करून. घरातल्या फिटिंगची अडीच स्क्वेअरची वायर गाडीच्या पुढून मागे चार मीटर गेली आणि चार मीटर परत आली, झाली आठ मीटर. वीस अँपिअर करंटला या वायरीत एक पूर्णांक दोन व्होल्ट मरतात. अल्टरनेटरकडे चौदा आहेत, बॅटरीपाशी पोचतात १२.८. एवढ्यात ती कधीच भरत नाही. गाडी दिवसभर फिरली तरी संध्याकाळी दिवा मंद, आणि दोष बॅटरीला. वेल्डिंगची २५ स्क्वेअरची तांब्याची केबल लावा, तेवढ्याच करंटला नुकसान फक्त एक दशांश व्होल्टचे. लग नीट दाबून बसवा. पत्र्याच्या भोकातून केबल जाते तिथे रबरी बुश घाला, नाहीतर हादऱ्याने पत्रा केबल कापतो.

आणि फ्यूज. या मोठ्या केबलला दोन्ही बॅटऱ्यांजवळ, वीतभर अंतरात, एकेक फ्यूज पाहिजे. दोन कशाला? केबल मध्येच कुठे घासून चेसिसला लागली, तर करंट दोन्ही बाजूंनी धावून येतो. शंभर अँपिअरचा रिले आणि २५ स्क्वेअरची केबल असेल तर ८० अँपिअरचा फ्यूज चालेल. इन्व्हर्टरला वेगळा, दिव्याला वेगळा. फ्यूज जळला म्हणून तिथे तार गुंडाळणारा माणूस गाडीला हात लावायच्या लायकीचा नाही.

हे मी एवढे का ताणतो? कारण आपल्या गाडीत मागे कापूस असतो. सिमेंटच्या गाडीत ठिणगी पडली तर विझते. कापसात पडली तर आत धुमसत राहते, वरून दिसत नाही, आणि वारा लागला की वर्षाची मेहनत रस्त्यावर जळते. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तोही पेट घेतो. म्हणून कापसाच्या गाडीत दुसरी बॅटरी डाल्यात ठेवायची नाही. डाल्याच्या खाली, चेसिसच्या बाजूला, लोखंडी पेटीत बसवा. पेटीला वर हवेची भोके, खाली पाणी निघायला भोक, आत रबराची चटई, वरून पट्टीने घट्ट कसणे. सायलेन्सरपासून दूर. टर्मिनलवर रबरी टोपी. पेटी उघडताना बिडी बाजूला. काम करताना आधी ऋण वायर काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची.

एक गोष्ट कधीच करायची नाही

इन्व्हर्टर आला की कोणाच्या तरी डोक्यात येते, रात्री रोही आणि डुकरे येतात, कुंपणाच्या तारेत करंट सोडू. मी हात जोडून सांगतो, हे करू नका. इन्व्हर्टरची २३० व्होल्टची वीज सलग वाहते आणि माणसाला धरून ठेवते. आपल्या जिल्ह्यात तारेच्या करंटने वाघ मेले आहेत, आणि जागलीला गेलेली माणसेही मेली आहेत. सौर कुंपणाचे यंत्र याहून अगदी वेगळे. ते सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका देते आणि मध्ये वेळ सोडते. जनावर दचकून मागे जाते, मरत नाही. त्या यंत्राची १२ व्होल्टची बॅटरी ढगाळ दिवसांत आपल्या बॅटरीवरून इन्व्हर्टर आणि चार्जर लावून भरून द्या. तेवढेच आपले काम.

फवारणीचेही एक सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. धुऱ्यावर पंप चार्ज होऊ लागला म्हणून दिवसभर फवारत राहू नका. चार्जिंगची सोय सकाळचे काम सकाळी उरकण्यासाठी आहे. औषधाचे डबे केबिनमध्ये, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवू नका.

भरणे आणि राखणे

अर्धी रिकामी झालेली बॅटरी गाव ते वावर अशा पंधरा मिनिटांच्या फेरीत भरत नाही. दोन तासांच्या फेरीत तीस-चाळीस एएच परत येतात. बाजाराच्या दिवशी ती भरते, एरवी नाही. म्हणून आठवड्यातून एकदा घरी चार्जरवर रात्रभर लावा. शंभर वॅटचे सौर पॅनल टपावर लावले तर स्वच्छ उन्हात दिवसाला वीस-पंचवीस एएच मिळतात, कंट्रोलर मात्र हवाच. फवारणीच्या दिवसांत आभाळ भरलेले असते हे ध्यानात ठेवून त्याच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

डॅशबोर्डवर छोटा व्होल्टमीटर लावा. बॅटरी स्वस्थ असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, तिथे थांबायचे. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांना खातात. रस्त्यावर चालताना कामाचे दिवे बंद ठेवा. गाडीत बदल केला हे विमा कंपनीला लेखी कळवा, वॉरंटी असेल तर आधी विचारा. कोणाला पुढे वाद घालायला कारण ठेवू नये.

हे सगळे कशासाठी?

खर्चाचा भाव दुकानागणिक वेगळा. हिशेबापुरते सगळे मिळून २५,००० रुपये धरा आणि बॅटरी चार वर्षे टिकली असे धरा. दहा घरांत वाटले तर घरामागे वर्षाला ६२५ रुपये.

आता दुसरी बाजू. खेडा खरेदीला व्यापारी येतो तो बहुधा दिवस मावळताना. काटा त्याचा, दिवा त्याचा, वही त्याची. धरून चला, क्विंटलमागे दोन किलो कमी भरले. वीस क्विंटलला चाळीस किलो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ७,७१० रुपये होती. चाळीस किलोचे झाले ३,०८४ रुपये. एका घराचे, एका विक्रीत. आपला काटा आणि आपला दिवा धुऱ्यावर असेल तर वजन आधी आपण करू, वहीत लिहू, मग त्याचा काटा पाहू. काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या. आपण दुसऱ्याच्या काट्यावर बोट ठेवणार असू, तर आपला काटा आधी खरा पाहिजे.

आणि तो खरा पाहिजे दोन्हीकडे. इथे बसलेल्या मायबहिणींना किलोवर वेचणीची मजुरी मिळते. अंधारात ताणकाट्यावर अंदाजाने सांगितलेला आकडा त्यांनी किती वर्षे मान्य केला आहे. उजेडात, आकडा समोर दिसेल अशा काट्यावर त्यांचाही कापूस मोजला गेला पाहिजे. व्यापाऱ्याकडून पुरे माप मागायचे आणि मजुराला उणे द्यायचे, हे आपल्याला शोभत नाही.

तेव्हा प्रत्येक गावाने एवढे करावे. ज्यांची गाडी सामाईक आहे त्यांनी कागदावर आपली यादी आणि एएचचा हिशेब मांडावा. मेकॅनिककडे जाऊन पाच गोष्टी विचाराव्यात: मध्ये रिले कोणता, केबल किती स्क्वेअरची, फ्यूज कुठे कुठे, पेटी कुठे बसणार, आणि व्होल्टेज किती मिळते ते मीटर लावून दाखवणार का. पाचांचे उत्तर नीट मिळाले तरच काम द्यावे. पहिल्या वेचणीआधी हे झाले पाहिजे, कारण त्यानंतर कोणालाच फुरसत नसते.

पुढच्या बैठकीला ज्या गावची गाडी येईल, तिची पेटी सगळ्यांनी उघडून पाहू.